ऑनलाइन शिकवणीचे पैसे भरण्याआधी : वाळूजच्या पालकांसाठी

पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी आले, की वाळूज, बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी या भागांतले पालक एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारू लागतात. ‘मुलगी गणितात मागे पडलीय, ॲप घेऊन देऊ का?’ ‘क्लासला पाठवायला कुणी नाही, ऑनलाइन लावलं तर चालेल का?’ ‘दोन वर्षांचं पॅकेज आहे, हप्ते करून देतात, घ्यावं का?’ आणि अलीकडे नव्याने ऐकू येणारा प्रश्न : ‘मुलगा गृहपाठाचा फोटो काढतो आणि उत्तर मोबाइलच देतो. हे बरोबर आहे का?’

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर वाळूज औद्योगिक वसाहत वाढत गेली. जालना, बीड, परभणी, बुलडाण्याहून, आणि उत्तर प्रदेश-बिहारमधूनही माणसे इथे कामाला आली. घरातले आजी-आजोबा, काका-काकू गावाकडे राहिले. वडील आठवड्याला बदलणाऱ्या पाळीवर, आई पॅकिंगच्या किंवा शिलाईच्या कामावर, आणि मूल संध्याकाळी खोलीत एकटे, असे इथे कितीतरी घरांत असते. त्यामुळे ‘घरी बसून अभ्यास घ्या’ असे शाळेने सांगितले तरी ते जमत नाही आणि मोबाइलमधला शिक्षक हा आधार वाटतो. हे वाटणे चूक नाही. पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी नीट पाहून घ्या.

फायदा होतो का?

होतो, पण कुठलेही ॲप घेतले म्हणून होत नाही. मुलाचे नेमके कुठे अडले आहे ते ओळखून, तिथूनच पुढे नेणारे माणूस मिळाले तर होतो. नुसते व्हिडिओ पाहून फारसा होत नाही. तयार उत्तरे उतरवली तर नुकसान होते.

याला पुरावा आहे. कोरोनाकाळात आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशात प्राथमिकच्या मुलांना आठवड्यातून एकदा साध्या फोनवर शिक्षकाचा सुमारे वीस मिनिटांचा कॉल येई आणि सोबत एसएमएसवर गणिते पाठवली जात. ज्यांना फक्त एसएमएस मिळाले त्यांच्यात विशेष फरक पडला नाही. ज्यांच्याशी माणूस बोलत होता, त्या मुलांचे गणित सुधारले. फोन साधा असूनही हे घडले.

दिल्लीत सरकारी शाळांतल्या मुलांवर ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे साडेचार महिन्यांत मुलांचे गणित आणि हिंदी दोन्ही चांगले सुधारले. पण ती मुले केंद्रावर येत होती. पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास लहान गटात मदतनिसाबरोबर, अशी त्यांची वेळ होती. आणि कार्यक्रम सातवीच्या मुलाला सातवीचेच गणित देत नव्हता. मूल जिथे अडले होते, तिथले देत होता.

लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन शाळेच्या अनुभवावरून अनेक पालक ‘ऑनलाइन म्हणजे वायाच’ असे म्हणतात. साठ मुले, म्यूट केलेले माइक आणि बंद कॅमेरे यावरून चार मुलांच्या शिकवणीचा अंदाज बांधू नका.

आधी घरीच तपासा : मूल कुठे अडले आहे?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पैसे इथेच वाया जातात. सहावीच्या मुलाला समीकरणे येत नाहीत म्हणून सहावीचे पॅकेज घेतले जाते, आणि खरे तर त्याला भागाकारच जमत नसतो. मग सहावीचा कितीही चांगला व्हिडिओ लावला तरी तो डोक्यावरून जातो.

सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढा. तुमचे स्वतःचे शिक्षण कितीही असो, हे तुम्हाला जमेल.

- बालभारतीची सर्व इयत्तांची पुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. मुलाच्या इयत्तेपेक्षा दोन इयत्ता खालचे मराठीचे आणि गणिताचे पुस्तक उतरवून घ्या.
- मराठीचा एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. अडखळत, एकेक अक्षर जोडत वाचत असेल, तर अडचण विज्ञानाची किंवा इतिहासाची नाही, वाचनाची आहे.
- तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचे पाच भागाकार द्या. नंतर अपूर्णांकांची बेरीज द्या. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असेल, तर तिच्याशी ताडून पाहा.
- चूक झाली तर रागावू नका. ‘हे कसं केलंस ते सांग’ एवढेच विचारा. मूल बोलू लागले, की चूक कोणत्या पायरीवर होते ते आपोआप दिसते.

जे सापडेल ते वहीच्या पहिल्या पानावर एका ओळीत लिहा : ‘हातच्याची वजाबाकी चुकते’, ‘इंग्रजी वाचता येते, पण अर्थ लागत नाही’. ही ओळ तुमच्याकडे नसेल, तर तुम्ही काय विकत घेत आहात हे विकणाराच ठरवणार.

शाळेकडे मागायचा हक्क

शिकवणी शोधण्याआधी ती ओळ घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. बरेच पालक शाळेत फक्त प्रगतिपुस्तकावर सही करायला जातात. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी शिक्षकांवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. कलम २४ नुसार प्रत्येक मुलाला कितपत येते हे पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांची नियमित भेट घेऊन प्रगती सांगणे, हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्याच कायद्याचे कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई करते. तेव्हा दिवसा वर्गात शिकवणारे शिक्षक संध्याकाळी पैसे घेऊन ‘ऑनलाइन बॅच’ चालवत असतील, तर तिथे नाव घालण्याची सक्ती तुमच्यावर कुणीही करू शकत नाही.

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. वर्गातली दहा-बारा मुले एकाच धड्यावर अडत असतील, तर प्रत्येकाने वेगळे ॲप घेण्यापेक्षा समितीत विषय मांडा. जादा तासाची मागणी लेखी करा. सौम्य शब्दांत करा, पण लेखी करा. शिक्षकांवर कामाचा ताण असतो हे खरे आहे. तरी ‘माझ्या मुलीला भागाकार येत नाही’ असे नेमके सांगणाऱ्या पालकाला बहुतेक शिक्षक मदत करतात.

मोफत पर्याय आधी वापरा

- दीक्षा ॲप : बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड स्कॅन केले की त्या धड्याचे साहित्य उघडते. ते आधी उतरवून ठेवता येते, म्हणजे नंतर नेट लागत नाही. एकच फोन असलेल्या घरात ही मोठी सोय आहे.
- खान अकॅडमी : गणिताचे साहित्य मराठीतही आहे. मुलाला खालच्या इयत्तेपासून सुरुवात करता येते आणि कुणी हसत नाही.
- यूट्यूबवरचे शिक्षकांचे मराठी तास : राज्य मंडळाच्या धड्यांवर पुष्कळ आहेत. मात्र पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा आणि कोणता धडा पाहायचा ते आधी ठरवून द्या.
- घरचा माणूस : नात्यातले कुणी गावाकडे किंवा शहरात डी.एड., बी.एस्सी. करत असेल, तर त्या ताईला, दादाला किंवा मामाला आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल करायला सांगा. वही कॅमेऱ्यासमोर धरायची आणि एकच प्रकार सोडवायचा. बोत्सवानातल्या शिक्षकांनी याहून फार वेगळे काही केले नव्हते. ताईला महिन्याला काही मानधन दिलेत, तर तिच्या शिक्षणालाही हातभार लागेल आणि ती वेळ पाळेल. माझ्या मते इथल्या कामगार कुटुंबांसाठी हा सर्वांत चांगला पर्याय आहे. तो सुचवणारी जाहिरात नसते, म्हणून कुणाच्या मनात येत नाही.

‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयोगटातल्या शंभरपैकी सुमारे ८२ मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो काही ना काही अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणून मोफत साहित्य असले तरी ‘हा धडा, ही गणिते, एवढा वेळ’ हे ठरवून देणारे मोठे माणूस हवेच.

गृहपाठाचा फोटो आणि तयार उत्तर

फोटो काढला की उत्तर देणारी ॲप आणि चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारखी साधने आता मुलांच्या हातात आहेत. तुर्कस्तानात माध्यमिकच्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग झाला. ज्यांना सराव करताना साधे चॅटजीपीटीसारखे साधन दिले, त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. पण नंतर साधन काढून परीक्षा घेतली, तेव्हा ते साधन कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षाही १७ टक्क्यांनी मागे पडले. तिसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त सूचना देणारे साधन दिले होते. त्या गटाचे असे नुकसान झाले नाही.

आपल्या मुलांची बोर्डाची परीक्षा कागदावर होते. तिथे मोबाइल नसतो. म्हणून घरात हा नियम करा : आधी वहीत, मग मोबाइलवर.

१. प्रश्न आधी स्वतः सोडवायचा. अर्धवट राहिला तरी चालेल, पण वहीत पेन्सिलीची खूण दिसली पाहिजे.
२. अडल्यावर साधनाला मराठीत सांगायचे : ‘पूर्ण उत्तर देऊ नकोस, माझी चूक कोणत्या पायरीवर आहे ते सांग.’
३. मिळालेली सूचना वापरून गणित पुन्हा पहिल्यापासून करायचे.
४. दुसऱ्या दिवशी तसेच एक गणित फोन बाजूला ठेवून सोडवायचे. ते आले, तरच शिकला असे समजा.

ही साधने पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचे उत्तरही देतात. गणित उत्तरसूचीशी ताडून पाहा, बाकी विषय पाठ्यपुस्तकाशी. निबंध आणि पत्र मात्र साधनाकडून लिहून घ्यायचेच नाही. वाक्य जुळवायला मूल शिकते ते चुकतमाकत लिहूनच.

पैसे देऊन लावायचीच असेल तर

कधी कधी खरोखर गरज असते. दहावीचे वर्ष आहे, घरात कुणाला विषय येत नाही, जवळपास चांगली शिकवणी नाही, मुलीला रात्री बाहेर पाठवायचे नाही. अशा वेळी डेमो तासाला तुम्ही स्वतः बसा आणि हे विचारा :

- कोणते पुस्तक शिकवणार? अनेक ॲप सीबीएसईच्या क्रमाने आणि हिंदी-इंग्रजीत शिकवतात. तुमचे मूल राज्य मंडळाचे, मराठी माध्यमाचे असेल, तर लसावि-मसावि, अपूर्णांक हे शब्द त्याला तिथे ऐकूच येणार नाहीत. सेमी-इंग्रजीच्या मुलाला गणित-विज्ञान इंग्रजी शब्दांत हवे. तुमच्या मुलाचेच पुस्तक समोर ठेवा आणि त्यातला एक धडा शिकवायला सांगा.
- एका तासाला किती मुले? चार-पाच असतील तर शिक्षकाला तुमचे मूल दिसेल. दोनशे असतील, तर तो यूट्यूबचाच व्हिडिओ समजा. त्याचे पैसे देऊ नका.
- रोज तेच शिक्षक असतील का? डेमोला उत्तम शिक्षक आणि नंतर दर आठवड्याला नवा चेहरा, हे बरेचदा घडते.
- वही कोण तपासणार? ‘ॲप तपासते’ या उत्तरावर समाधान मानू नका.
- मधेच बंद केले तर किती पैसे परत? हे तोंडी नको, ईमेलवर हवे.

वेळ ठरवताना पाळीचे वेळापत्रक समोर ठेवा. तास साडेसहाला आणि फोन दुसऱ्या पाळीला गेलेल्या वडिलांच्या खिशात, म्हणजे दर काही आठवड्यांनी सलग तास बुडणार. जो माणूस संध्याकाळी नेहमी घरी असतो, त्याच्या फोनवरच तास लावा. तसे कुणी नसेल, तर रेकॉर्डिंग मिळते का आणि बुडलेला तास भरून देतात का, हे आधी ठरवून घ्या. डेटा पॅक एका तासाच्या व्हिडिओला पुरतो का, हेही डेमोतच कळते.

पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. पहिल्या दिवशी अडलेल्या विषयाची दहा गणिते कागदावर सोडवून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. महिन्याने तशाच प्रकारची दहा द्या. फरक पडला तर पुढचा महिना, नाही पडला तर बंद. ‘मुलाला आवडतंय’, ‘रोज बसतो’ हा पुरावा नाही. ॲपवरचे तारे आणि बॅजही नाहीत.

दोन-तीन वर्षांचे पॅकेज आणि हप्ता : इथे थांबा

बायजूज या एके काळी देशातल्या सर्वांत मोठ्या असलेल्या शिकवणी कंपनीची हकिकत लक्षात ठेवा. २०११ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर झळकली. पालकांच्या गळी पॅकेज उतरवल्याच्या तक्रारींवरून डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने तिच्या प्रमुखाला बोलावले आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. इतकी मोठी कंपनी अडचणीत येऊ शकते, तर आगाऊ भरलेल्या तीन वर्षांच्या फीची हमी कोण देणार?

हप्त्याचा धोका याहून मोठा आहे. ‘महिन्याला फक्त दीड हजार’ असे सांगतात. समजा, दोन वर्षे असे भरायचे आहेत, तर ते ३६,००० रुपये झाले. आणि बहुतेक वेळा ती फी नसते. एखाद्या बँकेने किंवा वित्त कंपनीने तुमच्या नावावर दिलेले ते कर्ज असते. शिकवणी बंद पडली तरी कर्ज चालूच राहते. हप्ता चुकला की सिबिल स्कोअर खाली जातो आणि उद्या घरासाठी किंवा दुचाकीसाठी कर्ज मागायला गेल्यावर ते नडते. ठेकेदारी कामावर असलेल्या माणसाने तर हा धोका घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही २३ डिसेंबर २०२१ रोजी ऑनलाइन शिक्षण कंपन्यांबाबत पालकांना सावध केले होते : खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देणे टाळा, अटी वाचा, ‘मोफत’ सेवांची खात्री करा.

विक्रेता घरी आला किंवा व्हिडिओ कॉलवर बसला तर :

- ओटीपी सांगू नका. आधार, पॅन, पगाराची स्लिप ‘फक्त नोंदणीसाठी’ म्हणून देऊ नका. याच कागदांवर कर्ज होते.
- ‘सूट आज रात्रीपर्यंतच’ असे म्हटले की बोलणे तिथेच संपवा.
- मुलासमोर व्यवहार करू नका. ‘मुलाच्या भविष्यापेक्षा पैसा मोठा आहे का?’ हा प्रश्न मुलाच्या देखत विचारतात तो तुम्हाला नाही म्हणता येऊ नये म्हणून.

मुलांची सुरक्षितता

तास सर्वांच्या नजरेसमोर होऊ द्या, दार लावून नको. शिक्षकाने मुलाशी वेगळ्या खासगी नंबरवरून बोलायचे नाही, फोटो मागायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा. काही विपरीत वाटले तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३०.

पैसे अडकले असतील तर

१. आजच लेखी कळवा. कंपनीला ईमेल करा : ऑर्डर क्रमांक, भरलेली रक्कम, तारीख, बंद करण्याचे कारण आणि किती परत हवे ते. फोनवर दिलेले आश्वासन नंतर सिद्ध करता येत नाही. चॅटचे, जाहिरातीचे, पावतीचे स्क्रीनशॉट ठेवा.

२. ऑटोपे बंद करा. कार्ड किंवा यूपीआयवरून वर्गणी आपोआप कापली जात असेल, तर रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ही परवानगी तुम्ही यूपीआय ॲपमधून किंवा बँकेतून रद्द करू शकता.

३. कर्ज असेल तर हप्ता परस्पर थांबवू नका. आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करा आणि कर्जाच्या अटींचे पत्रक मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज घेतल्यावर सुरुवातीला काही मुदत दिलेली असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचे व्याज भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येते. ही मुदत फार थोडी असते, म्हणून पश्चात्ताप झाला त्याच दिवशी हालचाल करा. संस्थेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

४. १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तक्रार मराठीतही सांगता येते. अनेक प्रकरणे इथेच मिटतात.

५. जिल्हा ग्राहक आयोग. शाळा-महाविद्यालयांच्या बाबतीत ग्राहक कायदा लागू होतो का, यावर वाद असला तरी शिकवणी संस्था या कायद्याखाली येतात, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची, तुम्ही छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा आयोगातच दाद मागू शकता. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते, सुट्टी टाकून शहरात जावे लागत नाही.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. ‘जाऊ दे, गेले पैसे’ म्हणत बसलेल्या पालकांनी आधी पावतीवरची तारीख पाहावी.